मुगाची यादी

बाबा गेल्यानंतर नवव्या दिवशी मी कामावर गेले आणि सकाळी दहाच्या सुमारास एका भिंतीतून खाली पडले. भिंत खरी नव्हती. आमच्या नव्या गेममधल्या बंदरावर एक गोदाम आहे, त्याची ती भिंत. विटांची, खालून ओल धरलेली. गेल्या तीन वर्षांत मी तिच्या कडेने चाळीसएक वेळा तरी चालले असेन, कारण माझं कामच ते. गेम लोकांच्या हातात जायच्या आधी त्यातल्या चुका हुडकायच्या. आमच्या खोलीत ह्याला घासणं म्हणतात: स्क्रीनवरच्या माणसाचा खांदा भिंतीला लावायचा आणि त्याला चालवत राहायचं, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, कुठे फट आहे का बघत. चाळीस वेळा ती भिंत भिंतीसारखी वागली. त्या दिवशी मी खांदा लावला तेव्हा मनात भलतंच चाललं होतं, बाबांचा चष्मा हॉस्पिटलमधून आणलेल्या पिशवीतच राहिलाय आणि पिशवी कोणी उघडत नाहीये असलं काहीतरी, आणि भिंतीने मला सरळ आत घेतलं. आत म्हणजे कुठेच नाही. मी जमिनीखाली गेले. तिथे राखाडी पोकळी असते, आवाज नसतो, आणि वर बघितलं की सगळं जग तळाकडून दिसतं: गोदामाची फरशी काचेसारखी, तिच्यावर उभ्या असलेल्या हमालांच्या बुटांचे तळवे, रिकाम्या पेट्या, कारण आत काही भरायची कोणाला गरज वाटलेली नसते. मी पडत होते. तीन आठवडे जे शरीर माझं आहे की कोणी ठेवायला दिलंय असं वाटत होतं, ते एकदम माझं झालं. कान गरम झाले. मला आनंद झाला होता. मी हेडफोन काढला आणि आजूबाजूला पाहिलं, चोरी करताना कोणी पाहिलं की काय अशी.

शोकात असलेल्या माणसाने कसं असावं ह्याचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण ते मोडले की लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं. आठ दिवस घरात माणसं येत होती, खुर्चीच्या टोकावर बसत होती, आणि मी चहा नेऊन दिला की माझ्याकडे तडा गेलेल्या काचेकडे बघावं तसं बघत होती. आईला हे बघणं आवडत होतं, किंवा निदान आधाराचं वाटत होतं. मला नाही. म्हणून दादाने, माझ्या मोठ्या भावाने, अजून आठवडाभर तरी थांब म्हटलं असतानाही मी निघाले. आणि खोलीत पाऊल टाकताच वकीलबाईंनी मान वर न करता म्हटलं, “आलीस? बरं झालं. एक माणूस कमी पडत होतं.” आठ दिवसांत मला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं सांत्वन. वकीलबाई वकील नाहीत. पन्नाशीच्या आहेत, माझ्यासारख्याच चुका शोधतात. पण त्यांनी नोंदवलेली चूक कोणी चूक नाही म्हटलं की त्या अशा भांडायच्या की समोरचा शेवटी म्हणे, बाई, घ्या, तुमचंच खरं. संघटना आमच्या खोलीत आली ती त्यांच्यामुळे. आधी सहा जण होते. महिन्याभरापूर्वी पत्रं आली तेव्हा एका दुपारी एकोणतीस झाले, आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून फोनवर तिसावी झाले. एकतिसावा घासू, आमच्यात सगळ्यात जास्त भिंती घासणारा. तो म्हणाला, मी कुठल्याही गोष्टीचा शेवटचा कोपरा तपासतो, म्हणून शेवटी.

पत्रं छोटी होती. महिनाअखेरीनंतर तपासणीचं सगळं काम बाहेरची एक कंपनी करील, ती दुसऱ्या शहरात आहे, दुसऱ्या देशातही असेल, आम्हाला कधी सांगितलं नाही. आपण दिलेल्या योगदानाबद्दल आभार. एकतीस जणांना एकच मजकूर, फक्त वरचं नाव वेगळं, आणि त्यातही दोन नावं चुकलेली. आमच्या खोलीला पत्रातसुद्धा चूक सापडली ह्यावर आम्ही दिवसभर हसलो, जसं माणूस पडल्यावर आधी हसतो आणि मग कुठे लागलंय ते बघतो. संघटनेने बोलणी मागितली. वरच्या मजल्यावरून उत्तर आलं नाही. वरचा मजला म्हणजे आमच्यापुरता एकच माणूस, त्याला आम्ही तारीखवाला म्हणतो, कारण त्याच्या तोंडी दुसरा शब्द नसतो. गेम पाठवायची तारीख, तारखेच्या आधीची तारीख. वाईट माणूस नाही. माझे वडील आजारी आहेत कळल्यावर त्याने विचारलं होतं, डॉक्टरांनी काही तारीख दिलीय का. नंतर स्वतःच लाल झाला.

आमच्या त्या दिवसाचा बेत सांगायचा तर आधी मूग सांगायला हवेत. तपासणाऱ्याला शंभर चुका दिसतात. त्यांतल्या तीस लिही म्हणतात, बाकीच्या पोटात ठेव. सावली अर्धा क्षण उशिरा येते, ठेव पोटात. पाठ करून उभा असलेला पहारेकरी पापण्या मिटतच नाही, त्याला कोण बघणारेय. ह्या गिळलेल्या चुकांना आम्ही मूग म्हणायचो. घरी निघताना एकमेकांना विचारायचो, आज किती गिळलेस? आणि वकीलबाईंनी, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, तीन वर्षं एका जाड वहीत त्यांची यादी ठेवली होती. नियम मात्र वेगळं सांगतो. ज्या मोठ्या कंपनीच्या भांडवलावर आमचा गेम उभा आहे तिला आमच्याच वरच्यांनी लिहून दिलंय: दिसलेली प्रत्येक चूक, म्हणजे बग, नोंदवली जाईल, प्रत्येक नोंद खोलीबाहेरचा दुसरा तपासणारा त्याच दिवशी पडताळून ‘दिसला’ किंवा ‘दिसला नाही’ असं उत्तर देईल, आणि संध्याकाळी सहाला पडताळलेल्या, न सुटलेल्या बगांची संख्या शंभर किंवा वर असेल तर गेम पुढे जाणार नाही. नियमाने काम करायचं, एवढाच आमचा संप. खुर्च्या सोडायच्या नाहीत, घोषणा नाहीत. फक्त मूग ओकायचे. त्या दिवशी संध्याकाळी सहाला गेम जायचा होता, आणि तो गेला की आमची गरज संपली, मग वरचा मजला आमच्याशी कधीच बोलणार नव्हता. तो अडला तरच बोलणं.

एकच गोची होती, आणि ती दोन महिन्यांपूर्वी फार हुशारीने घातलेली होती. पडताळणारा खोलीबाहेरचा तपासणारा म्हणजे आता ती बाहेरची कंपनी. आम्ही शंभर नव्हे, सहाशे नोंदी केल्या तरी त्यांनी ‘दिसला नाही’ म्हटलं की त्या हवेत. आणि त्यांनी का ‘दिसला’ म्हणावं? आमच्या खुर्च्याच त्यांना मिळणार होत्या. आम्ही त्यांना पाहिलेलं नव्हतं. नोंदीखाली त्यांचे नुसते आकडे यायचे, चार नंबर, नऊ नंबर, सतरा नंबर. खोलीत त्यांच्याबद्दल जे बोललं जायचं ते मी लिहीत नाही. कानामागून आले आणि तिखट झाले, हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

एकट्याला दिसलेलं धरत नाहीत, हा आमच्या धंद्याचा पाया आहे. मी तो बारा वर्षं बिनतक्रार मानला. मग हॉस्पिटलमध्ये, दुपारी अडीचच्या सुमाराला, दादा औषधं आणायला खाली गेलेला, आई बाकावर पेंगत होती, तेव्हा बाबांनी उजवा हात उचलला आणि पलंगाजवळच्या भिंतीवर तळवा ठेवला. नुसता ठेवला नाही. हळूहळू वरून खाली नेला, थांबवला, पुन्हा वर. ते आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत उभं राहून ते असाच तळवा लावायचे. कान खोटं सांगतो, डोळा खोटं सांगतो, हाताला कळतं, म्हणायचे. त्यांनी त्या भिंतीला हात लावला आणि त्यांच्या कपाळावर ती एक आठी आली, काम करतानाची. दहा मिनिटांनी ते गेले. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, अगं, ग्लानीत करतात तसं, हात हलतात. आईला सांगितलं. आई म्हणाली, तुला वाटलं असेल. त्यांचं चुकलं नाही. त्यांना तो हात दिसला नव्हता. पण तेव्हापासून माझ्यात काहीतरी उघडं पडून राहिलं होतं, कोणी न पडताळलेलं, आणि मी ते घेऊन चहा देत हिंडत होते.

भिंतीतून पडल्याची ती नोंद मी पहिली टाकली. वहीतले मूग जुने होते. हा ताजा, आणि लहानही नव्हता. बंदर, गोदाम, डावी भिंत, तिसऱ्या खांबापुढे. खांदा लावून चालत राहावे. माणूस जगाबाहेर पडतो. पाठवली. मग खोलीभर कळफलकांचा असा आवाज सुरू झाला की जणू पत्र्यावर धान्य ओतावं. घासू, ज्याचं टक्कल त्याच्या स्क्रीनच्या प्रकाशात चमकतं आणि जो एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतो, तो प्रत्येक नोंद पाठवताना पुटपुटत होता, जा बाळा, जा. दाराजवळ भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, त्यावर पडताळलेल्या बगांची संख्या असते. वर्षानुवर्षं आम्ही तो आकडा खाली यावा म्हणून जीव काढला. आज एकतीस माणसं त्याच्याकडे तो चढावा म्हणून बघत होती. आकडा अकरा होता, आदल्या दिवसापासूनचा. अकराच राहिला.

बाबा संघटनेचे होते, पण संघटना त्यांची नव्हती. मी नऊ वर्षांची असताना त्यांच्या कारखान्यात संप झाला. तिसऱ्या आठवड्यात फोन आला की एका इमारतीत पाचव्या-सहाव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकलीय आणि आत एक बाई आहे. संपाच्या काळात कोणी जायचं नाही असं ठरलेलं. वरच्यांनी आपली माणसं पाठवावीत, तोच तर मुद्दा होता. बाबांनी दोन तास वाट पाहिली. मग फाटकाशी उभ्या असलेल्या स्वतःच्याच लोकांमधून आत गेले, हत्यारांची पिशवी घेतली, बाईला काढलं, पिशवी परत ठेवली आणि पुन्हा येऊन त्यांच्या ओळीत उभे राहिले. ओळ बाजूला सरकली. त्यानंतर दोन वर्षं त्यांना वाळीत टाकलं होतं. ते लिफ्टच्या टपावर बसून एकटे डबा खायचे. हे मला फार उशिरा कळलं. मला त्या दोन वर्षांचं आठवतं ते हे की बाबा घरी खूप बोलायचे. आले की सुरू. कुठल्या इमारतीत काय, कुठल्या मजल्यावरच्या म्हातारीने काय विचारलं, दोरखंड किती प्रकारचे असतात. मी त्यांच्या पायाशी बसून ऐकायचे आणि मला वाटायचं, माझे बाबा जगातले सगळ्यात गप्पिष्ट बाबा. ते दिवसभराचं साठलेलं होतं. माझ्या लहानपणाचा सगळ्यात सुखाचा काळ त्यांच्या वाळीतून आला होता. ते चुकले असं त्यांनी कधी म्हटलं नाही, बाकीचे चुकले असंही नाही. मी कामाला लागले तेव्हा एवढंच म्हणाले, लोकांत राहा, पण हात आपला ठेव. परवा त्यांच्यासोबतचे एक म्हातारे मेकॅनिक भेटायला आले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, “तुझ्या बापाने ज्या बाईला काढलं ना, ती माझी सख्खी मेहुणी. तरी मी दोन वर्षं बोललो नाही त्याच्याशी.” मग आईकडे वळून म्हणाले, वहिनी, चहा छान झालाय. आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

साडेबाराला पहिलं उत्तर आलं, माझ्याच नोंदीवर. सतरा नंबर: दिसला नाही.

खोलीत कोणीतरी ते मोठ्याने वाचलं. कळफलक थांबले. मला वाटलं होतं मी रागावेन. त्याऐवजी गालफडं बधिर झाली. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, झालं, गेलं तेलही आणि तूपही. दुसऱ्याने सुचवलं की आता खोट्याही नोंदी टाकू, पाचशे टाकू, त्यांना पडताळता पडताळता नाकी नऊ येतील. वकीलबाई उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एक जरी खोटी सापडली तर आपल्या सगळ्या खऱ्या खोट्या ठरतील, म्हणाल्या, आणि मी तीन वर्षं ही वही काय रद्दीत घालायला लिहिली का. मग माझ्यापाशी आल्या आणि हळू विचारलं, मला खरंच दिसलं होतं ना. त्यांनी विचारलं ते कामाचं विचारलं. पण मला दादाचा आवाज ऐकू आला, आईचा ऐकू आला, आणि मी गरजेपेक्षा जास्त जोराने हो म्हटलं. पुन्हा बंदरावर गेले. गोदाम, डावी भिंत, तिसरा खांब. खांदा लावला, चालले. भिंत. वीट न् वीट जागच्या जागी. चार वेळा घासलं. आत काही थंड होत गेलं: तुला वाटलं असेल. पाचव्या वेळी मी थांबले, डोळे मिटले आणि सकाळचं पडणं आठवलं, डोक्याने नाही, अंगाने. मी खाली होते, वर बघत होते, फरशी काचेची, बुटांचे तळवे, आणि तिथून, खालून वर बघत, मी ती भिंत कुठल्या हाताला आहे ते ठरवलं होतं. खालून बघितलं की डावं उजवं होतं. बारा वर्षं हे काम करून मी नवशिक्यासारखी जगाची उलटी बाजू लिहून बसले होते. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी, भिंत उजवी आहे. घासूने वळून पाहिलं, आणि त्याच्या नजरेत दया होती, जी मला आठ दिवस पुरून उरली होती.

मी नोंद दुरुस्त करायला उघडली तेव्हा तिच्याखाली काहीतरी नवीन आलेलं होतं. सतरा नंबरने उत्तर बदललं होतं. दिसला. आणि खाली, शेऱ्याच्या जागी, जिथे ते लोक कधी एक अक्षर लिहीत नाहीत: ‘डावीकडे नाही, उजवीकडे आहे. दोन्हीकडे घासून पाहिलं.’

मी ते तीनदा वाचलं. त्याला, तिला, जे कोणी असेल त्याला, घासायची काही गरज नव्हती. माझी नोंद चुकीची होती. ‘दिसला नाही’ हे उत्तर खरं होतं, नियमाने पुरेसं होतं, आणि कंपनीला तेच हवं होतं. तिकडे कोणीतरी ते उत्तर देऊन पुढच्या नोंदीकडे गेलं नव्हतं. मनात आलं असेल की इतकं नीट लिहिणारी बाई काहीतरी बघून लिहीत असणार, आणि मग दुसऱ्या भिंतीला खांदा लावला असेल, वीट वीट करत, तिसऱ्या खांबापर्यंत, आणि पडलं असेल. मी जिथे पडले तिथेच. त्या राखाडी पोकळीत आम्ही दोघं होतो. मला हसू फुटलं आणि ते आवरेना. मी वकीलबाईंना हाक मारली तर आवाज चिरकला. त्या आल्या, वाकून वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. “घासणारं माणूस आहे,” एवढंच म्हणाल्या. ह्यापेक्षा मोठी पदवी आमच्या खोलीत नाही.

आकडा बारा झाला. मग वीस मिनिटं काही नाही. मग एकदम पंधरा, एकोणीस, सव्वीस. चार नंबर, नऊ नंबर, बावीस नंबर. दिसला, दिसला, दिसला. कधी एखादा दिसला नाही, आणि आम्ही तपासलं तर खरंच आमची चूक. ते आमची बाजू घेत नव्हते, नुसतं खरं सांगत होते, आणि त्यानेच माझ्या अंगावर काटा येत होता. पाठमोऱ्या पहारेकऱ्याच्या न मिटणाऱ्या पापण्या, तीन वर्षं गिळलेल्या: दिसला. उशिरा येणारी सावली: दिसला. त्यांनाही ह्या गोष्टी दोन महिने दिसत असणार. त्यांनाही कोणी सांगितलं असणार, ठेवा पोटात. जेवायला कोणी उठलं नाही. पाच वाजता चौऱ्याऐंशी. मला इतकं जिवंत वाटत होतं की लाज वाटायची बंदच झाली. मनात आलं की घरी जाऊन बाबांना सांगू, आणि ते नाहीत हे आठवायला पूर्ण एक श्वास लागला, आणि आठवल्यावरही सांगावंसं वाटणं गेलं नाही.

साडेपाचला तारीखवाला खाली आला. शंभर वर दोन होते. तो ओरडला नाही. दारापासच्या रिकाम्या टेबलाशी बसला आणि एकेक नोंद उघडून वाचू लागला, शेवटच्यापासून मागे. खोटी शोधत होता. त्याला ती मिळणार नव्हती हे आम्हाला माहीत होतं, म्हणून खोली अगदी शांत होती, परीक्षेच्या हॉलसारखी, फक्त ह्या वेळी पेपर तो सोडवत होता. मी सहज माझी पहिली नोंद उघडली, ते वाक्य पुन्हा वाचायला. त्याच्याखाली आणखी एक ओळ आली होती. ‘तुमच्या संघटनेत बाहेरच्यांना घेतात का? आमच्याकडे विचारलं की काढतात.’

ही ओळ कंपनीच्या पाटीवर लिहिलेली होती. कोणीही नोंद उघडली की दिसणार. तारीखवाला मागे मागे येत पहिल्या नोंदीपर्यंत पोचणारच होता, आणि तो पोचला की सतरा नंबर संपला. शेरा लिहिणाऱ्याला पुसता येत नाही. पुसायचा एकच मार्ग: ज्याने नोंद केली त्याने ती पूर्ण मागे घ्यायची, मग तिच्याखालचं सगळं तिच्यासोबत जातं. म्हणजे एक बग कमी. त्याच वेळी कुठल्यातरी तंत्रज्ञाने वरच्या मजल्यावर घाईघाईने दोन सोप्या चुका दुरुस्त केल्या असाव्यात, कारण मी मान वर केली तेव्हा भिंतीवर बरोबर शंभर होते. सहाला सतरा मिनिटं. वकीलबाईंना विचारायला हवं होतं. पण त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या, आणि मधे तो बसला होता. मी शेऱ्यात माझा फोन नंबर टाकला, बाकी काही नाही. वाचला गेला की नाही हे कळायची सोय नाही. मी माझे सगळे मणके जाणवेपर्यंत ताठ बसून राहिले, मग आणखी थोडं, आणि मग बाबा गेल्यानंतर मला मिळालेली सगळ्यात सुंदर चूक, दोघांनी पडताळलेली, मागे घेतली.

नव्व्याण्णव.

तीस डोकी वळली. कोणी नोंद मागे घेतली की ते स्क्रीनवर नावासकट येतं. घासू म्हणाला, “काय केलंस तू?” त्याचा आवाज हळू होता, म्हणून जास्त लागला. खरं कारण तारीखवाल्यासमोर सांगता येत नव्हतं. त्याने मान वर केली होती, त्याच्या चेहऱ्यावर आशा होती, मला धन्यवाद द्यावेत की काय असा तो बघत होता, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. मी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. वकीलबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. माझ्यातलं काहीतरी म्हणत होतं, एक तरी वाक्य बोल. मी बोलले नाही. हे एकटेपण मला ओळखीचं वाटलं, हे कोणाचं आहे ते मला माहीत होतं, आणि विचित्र म्हणजे त्यात बसायला जागा होती. मग वकीलबाईंनी नजर काढून घेतली, वही उघडली, आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, “माझ्याकडे अजून दोन पानं आहेत. हात चालवा.”

कळफलक पुन्हा सुरू झाले, पण पलीकडून काही येईना. दहा मिनिटं. आठ. सतरा नंबरने नंबर वाचला की न वाचताच आपली ओळ नाहीशी झालेली पाहिली? घाबरून सगळ्यांना थांबायला सांगितलं? मी आणखी एक मूग लिहिला, बंदरावरच्या एका दिव्याला सावलीच नाही, आणि तो पाठवताना माझ्या लक्षात आलं की मी पुटपुटतेय, जा बाळा, जा. सहाला पाच मिनिटं असताना नव्व्याण्णवचे शंभर झाले. बावीस नंबर. मग एकशे एक, नऊ नंबर. मग एकदम एकशे आठ, सगळे वेगवेगळे आकडे, काही आम्ही कधी न पाहिलेले, आणि त्यांच्यात सतरा नव्हता. सहा वाजले. स्क्रीनची कड लाल झाली. ती आम्ही कधी पाहिलेली नव्हती. ती होते हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घासूने खुर्ची मागे ढकलली आणि दोन्ही तळहातांनी टक्कल चोळत राहिला. तारीखवाला उभा राहिला, दारापर्यंत गेला, परत आला.

“उद्या दहाला वर या,” तो वकीलबाईंना म्हणाला. “दोघं या.”

“तिघं येऊ, साहेब,” वकीलबाई म्हणाल्या.

तो गेला. आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदम माझी आठवण झाली. मी सांगायला तोंड उघडलं, कुठून सुरू करावं कळेना, एवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. नंबर अनोळखी, लांबचा. मी उचलला. आधी नुसता श्वास, मग मागे कोणीतरी दार ओढून घेतल्याचा आवाज, आणि मग एका बाईचा आवाज, माझ्यापेक्षा वयाने मोठी, दमलेली, जिन्यात उभं राहून बोलतात तशी.

“सतरा बोलतेय. मला काम थांबवायला सांगितलंय, म्हणून शेवटी मी नव्हते. आम्ही बावीस जण आहोत. पुढे काय करायचं असतं?”

खोलीत तीस माणसं माझ्याकडे बघत उभी होती. मी वकीलबाईंच्या हातातून वही घेतली, कोरं पान काढलं, आणि तिला म्हटलं की सांगते, सगळं सांगते, पण आधी आपण एकमेकींची नावं तरी सांगू. मग तिने तिचं नाव सांगितलं, आणि मी ते पानावर सगळ्यात वर लिहिलं.